सकाळी बरी, दुपारी आडवी : गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या करंटवरून केलेलं एक निदान

नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे, मुख्य काम इलेक्ट्रिकलचं. हे प्रकरण गेल्या उन्हाळ्यातलं. गाडीचं मॉडेल आणि मालकाची ओळख मुद्दाम सांगत नाही, बाकी आकडे माझ्या वहीतले आहेत. यात माझी मोजणी बरोबर होती, ग्राहकाचा अंदाजही बरोबर होता, आणि तरीही गाडी नऊ दिवसांत परत आली. म्हणून लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

गाडी पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. मालक औषधांचा घाऊक धंदा करणारे. आठवड्यातून चार दिवस बुटीबोरी, हिंगणघाट, वर्धा असा फेरा. सवय अशी की पेट्रोल पाचशेचंच टाकायचं. काटा कायम खालच्या दोन घरांत.

मे महिन्याच्या मध्यात ते आले तेव्हा आधीच दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ, एक इग्निशन कॉइल बदललेली. ७,४०० रुपये गेले होते आणि तक्रार होती तिथेच होती.

तक्रार

त्यांच्याच शब्दांत सांगतो. "भाऊ, सकाळी मस्त चालते. बुटीबोरीपर्यंत काही नाही. वापस येताना एसी चालू ठेवून पुलावर चढली का दम टाकते. झटके मारते. बाजूले लावून अर्धा तास थांबलो का पुन्हा नवीसारखी. आता तुम्ही पंपच टाकून द्या, लय झालं."

पूल म्हणजे वर्धा रोडवरचा मेट्रोखालचा डबल डेकर. चढ फार नाही, पण चाळीस-पन्नास किलोमीटर तापून आलेल्या गाडीला एसीसकट तेवढाही पुरतो.

स्कॅनर लावला. कोड एकच, तोही जुना पडलेला : पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यापेक्षा कामाचे होते फ्यूएल ट्रिमचे आकडे, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल सोडतो ते. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक ६ टक्के, अडीच हजार आरपीएम धरून ठेवल्यावर अधिक १९. संगणक एवढं जास्तीचं पेट्रोल मागतोय आणि तरी मिश्रण पातळच. हवा गळत असती तर बिघाड आयडलला जास्त दिसला असता, आरपीएम वाढल्यावर कमी. इथे उलटं होतं. शिवाय या गाडीत हवा मोजणारा सेन्सर नाही, इनटेकमधला दाब मोजणारा आहे. अशा गाडीत हवा गळली तर सहसा आयडलच वर चढतो. तेव्हा संशय पेट्रोल कमी पोचण्यावर आला. पंप, त्याच्या तोंडाची गाळणीची जाळी, फिल्टर, दाब राखणारा रेग्युलेटर, किंवा पंपाला मिळणारी वीज.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग मालक सांगत होते तोच : पंप बदला. टाकीतली पूर्ण असेंब्ली ७,२०० रुपये, नुसती मोटर १,८०० पासून पुढे. पण वीजच कमी पोचत असेल तर नवा पंपही तसाच रडणार, आणि तिसऱ्या गॅरेजलाही शिव्या पडणार.

दुसरा, प्रेशर गेज लावणं. पुस्तकात हेच पहिलं असतं. पण या गाडीच्या लाइनवर गेजसाठी वेगळं तोंड नाही. पाइप सोडवून टी (तीन तोंडांचा जोड) जोडावा लागतो. बाहेर ४५ अंश, लाइनमध्ये दाबाखालचं पेट्रोल, शेजारी वेल्डिंगवाला. शिवाय अशा गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो, त्यामुळे अशक्त पंपसुद्धा आयडलला दाब बरोबर दाखवतो. आयडलला इंजिन पितंच किती! दाब पडतो तो मागणी वाढल्यावर.

तिसरा मार्ग, काही न उघडता वीज मोजणं. पंपाची मोटर डीसी, म्हणजे बॅटरीच्या विजेवरची, आणि ब्रशवाली : फिरत्या भागाला टेकलेले ब्रश करंट आत पोचवतात. तिच्या तारेतून किती करंट जातो आणि तो कसा वरखाली होतो, त्यावरून मोटर किती वेगाने फिरते आणि तिच्यावर ओझं किती, हे दोन्ही कळतं. वेळ अर्धा तास. मी हा धरला आणि गेज नंतरच्या खात्रीसाठी ठेवला. या निर्णयाबद्दल आजही तक्रार नाही.

पहिली मोजणी

इथे एक गोष्ट नव्या पोरांसाठी. चावी लावल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुरगुरतो आणि इंजिन चालू झालं नाही तर थांबतो. तेवढ्यात काही मोजून होत नाही. एक तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढून त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा फ्यूज असलेल्या तारेने जोडा. आणि कपलर (तारांचा जोड) सोडवून व्होल्टेज बघू नका. सोडलेल्या कपलरला मीटर लावला की एका केसाएवढ्या तारेवरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. मोटर फिरत असताना, कपलर जागेवर असताना, मागून बारीक पिन सरकवून मोजायचं.

इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मागची सीट उचलून पंपाच्या कपलरवर मोजले तर १२.४. वाटेत १.७ व्होल्ट हरवले होते. कुठे, ते शोधायला मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पंपाच्या प्लसवर : ०.५. मग बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थपर्यंत, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून परत जायच्या वाटेवर : १.२. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो, अर्थला त्याहून कमीच हवं. म्हणजे प्लसची बाजू काठावर पास, अर्थ नापास.

मग करंट. क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच हवा. सीताबर्डीतून स्वस्तात आणलेले बरेचसे क्लॅम्प फक्त घरातल्या विजेसारखा एसी करंट मोजतात. तारेभोवती लावले तर शून्य दाखवतात आणि माणूस पंपच बंद समजून बसतो. माझ्याकडे एका अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देणारा प्रोब आहे, तो छोट्या स्कोपला (करंटचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला) जोडतो. फ्यूजच्या जागी तारेचा फेरा केला आणि त्यात प्रोब अडकवला.

पडद्यावर सरळ रेष येत नाही, टेकड्या येतात. कम्युटेटरची (मोटरच्या फिरत्या भागावरच्या पट्ट्यांच्या कड्याची) एकेक पट्टी ब्रशखालून सरकते, त्या प्रत्येक वेळी एक टेकडी. सगळ्या टेकड्या हुबेहूब नसतात. एखादी जरा बुटकी किंवा वाकडी असते, आणि तीच पुन्हा येईपर्यंत मोजलं की एक फेरा झाला. या मोटरला आठ. आठ टेकड्यांना १३.६ मिलिसेकंद लागत होते. साठ हजाराला त्याने भागलं की साधारण ४,४१० आरपीएम. सरासरी करंट ३.८ अँपिअर.

आकडा कमीच होता. पण व्होल्टेजच कमी असेल तर मोटर हळू फिरणार आणि करंटही कमी घेणार, हे ओघानेच आलं. दोष अर्थचा, पंपाचा नव्हे, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

अर्थची दुरुस्ती

अर्थचा बोल्ट मागच्या सीटखाली, कार्पेटच्या आत होता. कार्पेट उचललं तर खाली गंज. कधीतरी कोणी रिव्हर्स कॅमेरा बसवला होता आणि त्याच्या अर्थचं गोल टर्मिनल याच बोल्टखाली, रंग न खरवडता दाबून टाकलं होतं. पंपाचं टर्मिनल त्याच्यावर तिरपं बसलेलं. पावसाळ्यात कुठून तरी आलेल्या पाण्याने पुढचं काम केलं होतं.

पत्रा घासून पांढरा केला, नवं टर्मिनल क्रिम्प केलं, दातेरी वॉशर घातला, कॅमेऱ्याची अर्थ वेगळ्या बोल्टला दिली, वरून पेट्रोलियम जेली. अर्थच्या वाटेवर हरवणारं व्होल्टेज १.२ वरून ०.१ वर आलं. पंपाला आता १३.५ व्होल्ट. आठ टेकड्या १२ मिलिसेकंदांत, म्हणजे ५,००० आरपीएम, करंट ४.२.

वेग वाढला, करंट वाढला, ट्रिम उतरला. सकाळी साडेदहा वाजता रिंग रोडला चक्कर मारली, गाडी छान ओढत होती. ६०० रुपये घेतले. मालक खूश, मी त्याहून खूश, कारण पंपाचे सात हजार वाचवले होते.

गाडी परत आली

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला होता. २७ मेच्या संध्याकाळी फोन : "भाऊ, त्याच पुलावर उभा आहो. तेच करून राहिली." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अर्थ पुन्हा मोजला. ०.१. माझी दुरुस्ती जागेवर होती. मग मोबाइलमध्ये पहिल्या दिवशीचे स्कोपचे फोटो उघडले. दुरुस्तीनंतरच्या फोटोतही आठातली एक टेकडी बाकीच्यांच्या निम्मी होती, आणि तिच्या शेजारी एक खोल खड्डा. फेरा मोजायला मी तिचाच खुणेसारखा वापर केला होता. ती इतकी वेगळी का आहे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. एखादी टेकडी जराशी बुटकी असणं ठीक, पण निम्मी असणं म्हणजे त्या पट्टीवर ब्रश नीट टेकत नाही.

दुसरं, ५,००० हा आकडा चांगला की वाईट, हे मी कशाच्या आधारावर ठरवलं होतं? नुसत्या "आधीपेक्षा वाढला" यावर. त्याच दिवशी योगायोगाने त्याच मॉडेलची एक गाडी सर्व्हिसला उभी होती. मालकाला विचारून तिच्यावर प्रोब लावला : १० मिलिसेकंद, ६,००० आरपीएम, ४.९ अँपिअर. आमचा पंप चांगली वीज मिळूनही हजार फेरे मागे होता.

गरम पंपाची मोजणी

आता थंड गाडीवर काही करायचं नाही असं ठरवलं. दुपारी अडीचला निघालो. मालक चालवत होते, मी शेजारी स्कॅनर धरून. मागची सीट काढलेली, तिथे आमचा पोरगा लाकडी पाटावर बसला, मांडीवर स्कोप, प्रोब पंपाच्या तारेभोवती. क्लॅम्पचा फायदा हा की तार कापायची नाही, ठिणगीचा प्रश्न नाही; टाकीचं झाकण बंदच होतं. मीटरच्या पिना कपलरमागे बसवून टेपने बांधल्या होत्या.

निघताना आठ टेकड्यांना बारा मिलिसेकंद. जामठ्याच्या स्टेडियमपाशी पोरगा म्हणाला, "बारा पॉइंट चार." बुटीबोरीला तेरा पॉइंट पाच. चहा प्यायलो नाही, गाडी बंदच करायची नव्हती. परतताना एसी फुल. विमानतळाच्या अलीकडे चौदा पॉइंट सहा, ट्रिम अधिक २२. पुलाच्या चढावर पहिला झटका बसला तेव्हा मागून आवाज आला, "पंधरा पॉइंट चार, भाऊ! करंट तीन पॉइंट एक."

म्हणजे ३,९०० आरपीएम. आणि मीटरवर पंपाचे व्होल्ट १३.३, जवळपास जसेच्या तसे.

या क्षणी तीन संशय एकदम गळाले. पेट्रोल तापून वाफ झाली असती किंवा टाकीतली जाळी चोंदून पंप कोरडा ओढत असता, तर मोटरवरचं ओझं कमी होऊन करंट पडला असता पण वेग वाढला असता. पुढची लाइन किंवा फिल्टर तुंबला असता तर वेग पडला असता पण करंट वाढला असता. इथे वेग आणि करंट दोन्ही पडले, आणि व्होल्टेज पूर्ण. वीज दारापर्यंत येतेय आणि आत शिरत नाही. वाढलेला अडथळा कपलरच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला. ब्रश झिजलेले, कम्युटेटर खराब, आणि गरम झाल्यावर तांब्याच्या वाइंडिंगचा रोध वाढतो त्याची भर. टाकीत पेट्रोल जेमतेम, म्हणून तेवढंसं पेट्रोल लवकर तापणार. पंपाला थंड ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं.

मालकांनी इथेनॉलचा विषय काढलाच. आजकाल गाडी खोकली तरी ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, नाव येतं. मी एवढंच म्हणालो की माझ्या हातातलं मोजमाप ब्रशवर बोट ठेवतंय, त्याच्यामागचं कारण नाही सांगत.

मोटर की असेंब्ली

गेज राहिला होता. गरम लाइन उघडायची नाही हे पक्कं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, दाब उतरला, आग विझवायचा पावडरचा सिलिंडर शेजारी ठेवून टी जोडला. फ्यूज परत लावला. आयडलला २.९ बार, एकदम रेस दिली की २.६. या गाडीला ३ च्या आसपास हवा. म्हणजे पहिल्या दिवशी गेजने सुरुवात केली असती तर "पंप ठीक" म्हणून मीच पावती फाडली असती.

मग पैशाचा प्रश्न. नुसती मोटर टाकली तर पाच हजार वाचत होते, आणि मालक आधीच पोळलेले. माझंही मन मोटरकडेच होतं. पण झाकणावरचा कपलर सोडवला तर चार पिनांपैकी एक तपकिरी झालेली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक किंचित वितळलेलं. मी व्होल्ट मोजत होतो ते कपलरच्या तारेकडच्या बाजूला. ही पिन त्या जागेच्या पुढे येते. म्हणजे अडथळ्यातला काही हिस्सा मोटरचा, काही या पिनेचा. ती पिन झाकणात ओतलेली, बदलता येत नाही. नवी मोटर टाकली असती तर तिने जास्त करंट ओढला असता, पिन आणखी तापली असती. हे मी मालकांना पिन दाखवूनच सांगितलं. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "टाका मंग पूर्णच."

असेंब्ली यायला दोन दिवस लागले. कपलरचं तारेकडचं टर्मिनलही नवं घातलं. मजुरी ९०० झाली, त्यातून आधीचे ६०० वजा केले. अर्थचं काम खोटं नव्हतं, ते करावंच लागलं असतं; पण निदान अर्धवट सोडून गाडी हातात दिली होती, त्याचे पैसे घेणं पटेना.

निकाल

नवा पंप थंड असताना १०.२ मिलिसेकंद, ४.८ अँपिअर. त्याच दुपारी त्याच रस्त्याने बुटीबोरी करून आलो, पुलावर १०.५. ट्रिम अधिक ३ ते ४. पूल आला आणि गेला, मालकांनी गिअरसुद्धा उतरवला नाही.

जुना पंप पेट्रोल निथळवून दोन दिवस उघड्यावर, कामाच्या जागेपासून लांब ठेवला आणि मग हॅक्सॉने हाताने कापला. ग्राइंडर लावायचा नाही, हे पोराला दोनदा सांगावं लागलं. एक ब्रश अर्ध्याहून जास्त संपलेला, स्प्रिंग जवळजवळ पूर्ण उघडलेली. तांब्याच्या कम्युटेटरवर सात पट्ट्या पिवळट, एक काळी. स्कोपवरची निम्मी टेकडी ती हीच. जाळी मात्र साफ निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रार गरम गाडीची होती आणि मी मोजलं थंड गाडीवर. सगळ्यात मोठी चूक ही. सकाळी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून अशा गाड्या सकाळी घ्यायची सवय होती, ती सोडली. आता "तापल्यावर" हा शब्द आला की गाडी दुपारी बोलावतो आणि पाट काढून ठेवतो.

अर्थचा दोष सापडला तेव्हा शोध तिथेच थांबवला, हे दुसरं. तो दोष खरा होता, त्याचा आकडा ढळढळीत होता, दुरुस्ती केल्यावर वेगही वाढला. त्यामुळेच फसलो. दुरुस्तीनंतरचा आलेख मी वेग बघायला काढला, आकार बघायला नाही. वेळ लागला असता तो दोन मिनिटं.

पहिल्या दिवशी मालकांचं ऐकून सरळ पंप बदलला असता तर? गाडी बहुतेक चालली असती. नव्या पंपाने कमी व्होल्टेजवरही निभावलं असतं, मी हुशार ठरलो असतो, आणि गंजलेला अर्थ कार्पेटखाली तसाच राहिला असता. त्यामुळे मोजण्याच्या निर्णयाला मी चूक मानत नाही. पण सांगताना "पंप वाचला" असं ठामपणे बोललो, ते बोलायला नको होतं. "एक दोष निघाला, तापल्यावर पुन्हा बघू" एवढंच म्हणायचं होतं.

आणि तुलनेचा आकडा. प्रत्येक मॉडेलचा चांगला पंप किती मिलिसेकंद दाखवतो, हे कुठे छापलेलं मिळत नाही. आता सर्व्हिसला आलेल्या धडधाकट गाड्यांवरही प्रोब लावून वहीत टिपतो, पाच मिनिटांचं काम आहे. या गाडीचे आकडे तर सीटखालच्या पत्र्याच्या झाकणावरच मार्करने लिहून ठेवलेत : १०.२, ४.८, थंड, १०.५, गरम, खाली तारीख. पुढे कधी कोणी ती सीट उचलली तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पेट्रोल अजूनही पाचशेचंच टाकतात.